मोटारसायकलचा टेकू : दुरुस्ती आणि बळकटी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी कामगार कायद्यावर बोलेन अशी त्यांची समजूत होती. विषय विचारल्यावर मी "मोटारसायकलचा साइड स्टँड" असे सांगितले, तेव्हा फोनवर जरा वेळ काही ऐकूच येईना. अखेर त्यांनी होकार दिला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि तिच्या पाठोपाठ गावोगावी अशा माला निघाल्या. ज्याच्या पदरी जे ज्ञान असेल ते त्याने चारचौघांत येऊन सांगावे, एवढाच या प्रथेचा अर्थ मी घेत आलो आहे. माझ्या पदरी जे थोडे आहे त्यात हा टेकू आहे. तो माझ्या पदरी कसा पडला, ते आधी सांगतो.

२००९ सालची गोष्ट. घरोघर माल पोचविणाऱ्या एका धंद्यात वीस-बावीस मोटारसायकली होत्या. एका सकाळी आवारात साइड स्टँडवर लावलेली गाडी मालाच्या पेटीसकट कोसळली आणि शेजारी उभ्या असलेल्या हमालाच्या पायावर पडली. त्याच्या पायाची दोन बोटे मोडली. गाडीच्या टाकीला पोचा आला, आरसा आणि दिवा फुटला. व्यवस्थापकांनी गाडी चालविणाऱ्या मुलाला बोलावून सांगितले, "तू स्टँडवरच्या गाडीवर बसून किक मारतोस. नुकसान तुझ्या पगारातून कापणार." रक्कम तीन हजार चारशे रुपयांची होती. मुलगा बावीस वर्षांचा. संध्याकाळी तो युनियनच्या कचेरीत आला आणि म्हणाला, "अण्णा, मी गाडीवर बसलोच नव्हतो. स्टँड ढिला झालाय म्हणून दोनदा सांगितलंही होतं. पण माझं कोण ऐकणार?"

मला त्या वेळी स्टँडमधले काही कळत नव्हते. इतके मात्र कळत होते की साक्षीदार नसेल तेव्हा वस्तूलाच बोलते करावे. मोडलेला तुकडा भंगाराच्या डब्यात सापडला. तो रुमालात बांधून मी आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध वेल्डिंग मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, तुकडा उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "अण्णा, हा काल तुटलेला नाही. काल तो फक्त पडला."

मग त्यांनी मला तुटलेल्या तोंडाचे दोन भाग दाखविले. दोनतृतीयांश भाग काळपट आणि गुळगुळीत होता. त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा बारीक वळणदार रेषा होत्या, आणि आत तेलकट मळ व जुना गंज बसला होता. उरलेला भाग साखरेसारखा रवाळ आणि चकचकीत होता. काळा भाग म्हणजे कित्येक आठवडे हळूहळू सरकत आलेली चीर, आणि चकचकीत भाग म्हणजे त्या सकाळी एकदम तुटलेली उरलीसुरली धातू. शिवाय चीर सुरू झाली होती ती एका जुन्या वेल्डिंगच्या काठापासून. कोणीतरी पूर्वी तेथे गोवरी थापावी तसा धातूचा गोळा थापून "मजबूत" काम करून दिले होते. त्या मुलाचा निवाडा त्या तोंडावर लिहिलेला होता. वाचणारा हवा होता. त्या दिवसापासून मी हा टेकू शिकू लागलो.

आता मूळ वस्तूकडे येऊ. गाडी साइड स्टँडवर लावली की तिची तिवई होते. पुढचे चाक, मागचे चाक आणि स्टँडचा तळवा, असे तीन पाय. आपण समजतो की बोजा चाकांवर आहे आणि स्टँड नुसता हात लावून उभा आहे. तो किती बोजा उचलतो याचा हिशेब तराजूच्या नियमाने मांडता येतो. समजा, गाडीचे वजन ११० किलो आहे. ती डावीकडे कलली की तिचा भारमध्य चाकांच्या रेषेपासून ९ सेंटिमीटर बाहेर जातो, आणि स्टँडचा तळवा त्याच रेषेपासून २७ सेंटिमीटर दूर टेकतो. नऊ म्हणजे सत्तावीसचा एकतृतीयांश. म्हणून स्टँडवर गाडीचा एकतृतीयांश बोजा, म्हणजे सुमारे ३७ किलो पडतो.

आता त्याच गाडीवर ७० किलोचा माणूस बसला. माणूस गाडीपेक्षा हलका आहे खरा, पण तो उंचावर बसतो. गाडीचा भारमध्य जमिनीपासून अर्धा मीटर असेल, तर बसलेल्या माणसाचा जवळजवळ एक मीटर. उंची दुप्पट म्हणून बाजूला सरकणेही दुप्पट, म्हणजे १८ सेंटिमीटर. तेव्हा त्याच्या वजनाचा दोनतृतीयांश, सुमारे ४७ किलो, स्टँडवर येतो. हलक्या माणसाने जड गाडीपेक्षा जास्त भार घातला! दोन्ही मिळून ऐंशी किलोंच्या वर गेले. त्यात किक मारली, लहान मुलाला टाकीवर बसविले, मागून कोणी उडी मारून बसले, की हिसक्याने तो आणखी वाढतो. स्टँडवरच्या गाडीवर बसून गप्पा मारणारे तरुण आपण चौकाचौकांत पाहतो. त्यांना हा हिशेब कोणी सांगितलेला नसतो.

हा बोजा अखेर जातो कोठे? स्टँडचे चार अवयव आहेत. पहिला पाय, म्हणजे खालचा दांडा व त्याचा तळवा. दुसरा कान, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला वेल्ड केलेली किंवा बोल्टांनी बसविलेली जाड पट्टी. तिसरा खिळीचा बोल्ट, ज्याच्याभोवती पाय फिरतो. चौथी स्प्रिंग. याखेरीज पाय पुढे किती जावा हे ठरविणारी एक लहानशी ठोकर असते. पायाचे वरचे टोक दुबेळके असते आणि ते कानाला दोन्ही बाजूंनी धरते. बहुतेकांची नजर पायावर असते, कारण तो दिसतो. पण पाय क्वचित मोडतो. मोडतो तो सांधा.

का, ते पाहा. सांध्याच्या पकडीची रुंदी २० मिलिमीटर आणि पायाची लांबी २५० मिलिमीटर धरा. बोल्ट झिजून पकडीत एक मिलिमीटरची ढिलाई आली, की खाली तळव्यापाशी ती साडेबारा पट होते. पाय अर्ध्या इंचाने बाहेर फाकतो. पाय फाकला की गाडी जास्त कलते. गाडी जास्त कलली की स्टँडवरचा बोजा वाढतो. बोजा वाढला की भोक आणखी झिजते. कर्जावरच्या व्याजासारखे हे चक्र आहे. पहिल्या महिन्यात कोणाला जाणवत नाही आणि शेवटच्या महिन्यात कोणाला आवरत नाही.

लोखंड तुटते ते एका घावाने, अशी आपली समजूत असते. वास्तविक लहान लहान बोजे हजारो वेळा येऊन-जाऊनही लोखंड तुटते. याला धातूचा थकवा म्हणतात. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस असाच तुटला आणि पन्नासांवर माणसे प्राणाला मुकली. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर या रेल्वेच्या इंजिनियराने आसांवर पुन्हा पुन्हा बोजा देऊन वर्षानुवर्षे प्रयोग केले, आणि एका वेळी सहज पेलणारा बोजा लाखो वेळा दिला तर धातू तुटू शकते, हे मोजून दाखविले. हा थकवा नेहमी जेथे आकार एकदम बदलतो तेथून सुरू होतो : भोकाची कड, तीक्ष्ण कोपरा, वेल्डिंगचा काठ. त्या मुलाच्या गाडीवरच्या गोवरीचा काठ तसाच होता.

म्हणून दुरुस्तीची पहिली पायरी पाहणे ही आहे. गाडी मधल्या स्टँडवर घ्या. मधला स्टँड नसेल तर लाकडाच्या ठोकळ्यावर नीट आधार द्या. साइड स्टँडचा तळवा हातात धरून बाजूला हलवा. नुसता जाणवेल इतका खेळ चालेल. डोळ्यांना दिसेल इतका असेल तर तो सांधा दुरुस्तीला आला. मग कानाच्या मुळाशी चिखल खरवडून काढा. रंगावर गंजाची केसासारखी लाल रेघ दिसली तर ती चीर समजावी. शंका असेल तर एक जुनी युक्ती आहे. तेथे रॉकेल लावून थोडा वेळ थांबावे, कोरडे पुसून घ्यावे आणि वरून खडूची पूड चोळावी. चीर असेल तर आत शिरलेले रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्या खडूवर काळपट रेघ उमटते. याला यंत्र लागत नाही. शाळेतला खडू पुरतो.

आता एकेका दोषाची दुरुस्ती सांगतो.

बोल्ट आणि भोक झिजले असेल तर नट नुसता आवळून भागत नाही. आवळला तर पाय अडकतो, आणि सैल केला तर पुन्हा खेळ येतो. भोक लंबगोल झाले असेल तर ते गोल करून त्यात पोलादी बुश बसवावे, किंवा एक माप मोठा बोल्ट घालावा. बोल्टाचा गुळगुळीत दांडा भोकाच्या पूर्ण रुंदीत यावा. आटे भोकात आले तर ते कानशीसारखे काम करून नवे भोक खातात. खांद्याचा बोल्ट मिळाला तर उत्तम, कारण तो खांद्यापर्यंत घट्ट बसतो आणि पाय मोकळा फिरतो. नट आपोआप न सुटणारा असावा. शेवटी ग्रीस. गाडी धुतल्यावर साखळीला तेल देणारे पुष्कळ आहेत. या बोल्टाला ग्रीस देणारे फार थोडे.

स्प्रिंगचे कौतुक वाटावे अशी तिची योजना आहे. पाय खाली असताना तिची ओढ बोल्टाच्या एका बाजूने जाते आणि पाय वर असताना दुसऱ्या बाजूने. म्हणून एकच स्प्रिंग पायाला दोन्ही जागी धरून ठेवते. ती सैल झाली तर चालत्या गाडीचा पाय खाली लोंबतो आणि डाव्या वळणावर जमिनीला लागून चालकाला फेकून देतो. तेव्हा सैल स्प्रिंग ताणून, आकडा वाकवून पुन्हा लावू नये. वाकविलेला आकडा तेथेच तुटतो. नवी घालावी. काही गाड्यांत एकात एक अशा दोन स्प्रिंगा असतात. एक तुटली तरी दुसरीने पाय धरावा हा त्यामागचा हेतू. अशा गाडीवर एकच घालून पैसे वाचवू नयेत.

ठोकर झिजली की पाय हवा त्याहून पुढे जातो आणि गाडी अधिक झुकते. तेथे वेल्डिंगचा थर देऊन कानशीने घासत घासत मूळ मापावर आणावे. पाय वाकला असेल तर सांध्यापासून सोडवून, तापवून लाल करून सरळ करावा आणि हवेत आपोआप निवू द्यावा. पाण्यात बुडवू नये. एकदा सरळ केलेला पाय दुसऱ्यांदा वाकला तर नवा घ्यावा.

आणि चीर असेल तर? तिच्यावर वरून टाका मारणे ही दुरुस्ती नव्हे, ती झाकपाक झाली. आधी चिरेच्या टोकाला ३ मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग रंग-गंज काढून, चिरेच्या वाटेने ग्राइंडरने खोल खाच करावी आणि तळापासून वेल्डिंग भरत यावे. भोकही भरावे. शेवटी काठ घासून सपाट करावा, म्हणजे बोटाला पायरी लागू नये. त्या पायरीतच पुढच्या चिरेचा जन्म असतो.

बळकटी द्यायची तर मिस्त्रींचे एक वाक्य मी सांगतो : "जाड करू नका, पसरवा." सांगाड्याच्या नळीचा पत्रा दोन मिलिमीटरचा असेल तर त्यावर सहा मिलिमीटरची पट्टी लावल्याने पट्टी तुटत नाही हे खरे, पण पट्टी संपते तेथे नळी तुटते. पट्टी अडीच-तीन मिलिमीटरची घ्यावी, लांब घ्यावी आणि टोके चौकोनी न ठेवता निमुळती गोल करावीत. वेल्डिंग नळीच्या लांबीच्या दिशेने करावे; नळीभोवती आडवा पूर्ण फेर मारू नये. कान आणि नळी यांच्या कोपऱ्यात लहानशी तिकोनी पट्टी दिली तर हिसका एका बिंदूवर न पडता सगळीकडे वाटला जातो.

तळवा रुंद करून घेणे हे मात्र स्वस्त आणि गुणकारी. वैशाखाच्या उन्हात डांबर मऊ होते आणि लहान तळवा त्यात रुततो; पावसाळ्यात माती तेच करते. तीन-चार बोटे रुंद पत्रा लावून घ्यावा, पण पाय वर घेतल्यावर तो साखळीला, सायलेन्सरला किंवा वळणावर जमिनीला लागत नाही हे पाहावे. पाय उगाच लांब करू नये. लांब पायावर गाडी फार सरळ उभी राहते, आणि वाऱ्याने किंवा रस्त्याच्या उताराने उजवीकडे आडवी होते.

वेल्डिंग करण्यापूर्वी काही पथ्ये आहेत, ती विसरू नयेत. पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवावी. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा जास्त घातक. बॅटरीच्या तारा सोडाव्यात. नव्या गाड्यांत इंजिनाचे नियंत्रण करणारी विजेची पेटी असते, तिचीही जोडणी काढावी. अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावावा. आणि चीर कानापुरती न राहता सांगाड्याच्या मुख्य नळीत शिरली असेल, तर ते काम रस्त्याच्या कडेला करून घेऊ नये. तेथे प्रश्न गाडी उभी राहण्याचा नसून माणूस जिवंत राहण्याचा आहे.

एक शेवटची सूचना. स्टँड खाली ठेवून गाडी हाकल्याने कितीजण पडतात, हे प्रत्येक गल्लीला माहीत आहे. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत स्टँडपाशी एक बटण असते; पाय खाली असेल तर इंजिन बंद पडते किंवा गिअर टाकता येत नाही. ते बटण मळाने अडकले की काहीजण त्याच्या तारा कापून एकत्र बांधतात आणि मिस्त्रीही हसत हसत बांधून देतो. तसे करू नका. बटण साफ करा किंवा बदला. पहारेकऱ्याला डुलकी लागली म्हणून कोणी त्याला कायमचा झोपवीत नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे आपण मनात विचारीत असाल. मी तो तुकडा घेऊन व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवला. १९३६ सालच्या वेतनाच्या कायद्यात असे होते की कामगाराच्या हयगयीने झालेल्या नुकसानीची भरपाई पगारातून कापायची तर आधी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. २०१९ च्या वेतन संहितेतही ते तत्त्व कायम राहिले. मी म्हणालो, "साहेब, बाजू मांडायला मी आलो नाही. बाजू हा तुकडा मांडील." त्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला. काळा भाग, चकचकीत भाग, गोवरीचा काठ. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना कोणी कधी दाखविले नव्हते, जसे मलाही नव्हते. कपात रद्द झाली. हमालाच्या औषधपाण्याचा खर्च मिळण्यास मात्र आणखी चार महिने भांडावे लागले. आणि फाटकापाशी एक वही टांगली गेली. चालकाने गाडीत काय बिघडले ते सकाळी लिहायचे आणि दुरुस्त करणाऱ्याने समोर सही करायची. पहिल्याच आठवड्यात वहीत "स्टँड ढिला" अशा पाच नोंदी झाल्या.

मला या साऱ्यात सर्वांत मोलाची वाटते ती वही. त्या मुलाने दोनदा सांगितले होते. त्याचे पहिले सांगणे कोणी ऐकले असते तर एक बुश आणि थोडे ग्रीस एवढ्यावर काम भागले असते. दुसरे ऐकले असते तर तासाभराचे वेल्डिंग पुरले असते. न ऐकल्याची किंमत एका तिसऱ्याच माणसाने पायाच्या दोन बोटांनी भरली. आज आपल्या दारात जेवणाचे डबे, औषधे, पार्सले घेऊन येणारी शेकडो मुले दिवसातून चाळीस-पन्नास वेळा स्टँड लावतात आणि काढतात. त्यांच्या गाडीचा सांधा इतरांच्या आधी झिजणार, आणि त्याची खबरही त्यांनाच आधी लागणार. त्यांच्यापैकी कोणी "स्टँड हलतोय" म्हणाला तर त्याला आळशी म्हणू नका. खाली वाकून पाहा.

आपण येथून बाहेर पडाल तेव्हा मैदानाच्या कडेला आपापल्या गाड्या टेकूवर उभ्या असतील. बसण्यापूर्वी एकदा तळवा हाताने हलवून पाहा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.